स्प्रिंगच्या एअर रायफलला पीप साइट बसवावी की स्कोप?

नळी दुमडून भरायची एअर रायफल घरात आली की आठवड्याभरात पोरं विचारतातच, "काका, याला दुर्बीण बसवायची का?" लातूरला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये 10 मीटरवर मी नेम धरायचे तिन्ही प्रकार वापरलेत, म्हणून सांगतो: कंपनीची खाचेची ओपन साइट, छोट्या भोकातून बघायची पीप साइट आणि स्कोप म्हणजे दुर्बीण.

आधी एक काम करा. नळी बंद करून हाताने हलवून बघा. बहुतेक रायफलींवर कंपनीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही साइट नळीकडच्या भागावरच असतात. त्यामुळे नळी केसभर इकडेतिकडे बसली तरी साइट तिच्यासोबतच सरकते. पीपचा मागचा भाग मात्र रायफलच्या अंगावर बसतो, आणि स्कोप तर सगळाच. नळीत खेळ असेल तर दोन्हींचा नेम रोज वेगळा लागणार. बिजागरीचा बोल्ट आवळा, खर्चाचं नंतर बघू.

पोराला स्पर्धेत उतरायचं असेल तर माझं मत सरळ पीपला. आंतरराष्ट्रीय नियमांच्या 10 मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बीण चालतच नाही, मग तिच्यावर डोळा बसवून काय करायचं? छोट्या भोकातून बघताना डोळा आपोआप मध्यावर येतो. ओपन साइटला मागची खाच, पुढची साइट आणि निशाणा अशी तीन अंतरं सांभाळावी लागतात. चाळिशी लागलेल्याला ते जमत नाही, त्यालाही पीप बरी पडते. बसवताना उंची बघा. मागची साइट उंच झाली की छर्रे वर जातात, आणि स्क्रू पूर्ण खाली आणूनही भागत नाही. मग पुढची साइटही उंच घ्यावी लागते, शक्यतो गोल कडी बसणारी. दारातून एका बाजूने ऊन आलं की पुढची साइट चमकते आणि नेम सरकतो. कापराची काजळी धरली की चमक जाते. भोकामुळे अंधारतं, म्हणून निशाण्यावर दिवा हवाच.

स्कोपची गोष्ट वेगळी. स्प्रिंगची रायफल आधी मागे ढकलते आणि पिस्टन थांबला की पुढे हिसका देते. साधा स्कोप मागच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो. या उलट्या हिसक्याने माझ्या पहिल्या स्कोपमधली क्रॉसची तार तिरकी झाली. म्हणून "स्प्रिंग एअर रायफलसाठी" असं लिहिलेलाच घ्या, आणि 10 मीटरवर फोकस होतो का ते दुकानातच बघा. मोठ्या रायफलींचे स्कोप बऱ्याचदा 100 यार्डांना लावलेले असतात, जवळ धूसर दिसतं. माउंटही, म्हणजे स्कोप धरणारी पकड, मोजून घ्या. एअर रायफलींवर बहुधा 11 मिलिमीटरची खाच असते, रुंद पट्टीसाठीचा माउंट तिच्यावर धरत नाही. एकसंध, खाली अडवणारी पिन असलेला माउंट घ्या, नाहीतर तो हळूहळू मागे सरकतो. स्कोपचा नेम बदलायच्या बटणाची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 10 मीटरवर साधारण 0.7 मिलिमीटर पडते, आणि रायफलच्या निशाण्यावरचा दहाचा ठिपका असतो 0.5 मिलिमीटरचा, म्हणजे एक क्लिकच ठिपक्यापेक्षा मोठी.

रानडुकरं हाकलायला स्कोप लावायचा, असं विचारणारेही भेटतात. तसं करू नका. छर्रा जनावराला नुसता जखमी करतो, आणि 1972 चा वन्यजीव कायदा आहेच.

पुतणी आता पीपवरच सराव करते. स्कोप मी काढून ठेवलाय. छर्‍यांचा नवा डबा आला की तपासण्यापुरता चढवतो.