अक्कलदाढ काढायची: नुसतं इंजेक्शन की शिरेतून सिडेशन?

आमच्या आत्याची आडवी अक्कलदाढ रत्नागिरीत काढायची होती म्हणून दोन्हीची नीट चौकशी केली. नुसतं हिरडीतलं इंजेक्शन म्हणजे लिग्नोकेन, तेवढीच जागा बधिर करणारं औषध, दुखत नाही पण दाबल्याचं कळतं, ड्रिलचा आवाज डोक्यात घुमतो. काम झालं की आपापलं घरी जाता येतं, फक्त ओठ दोन-तीन तास बधिर असतो तोवर गरम पेज नको. खर्चही कमी.

सिडेशन म्हणजे औषधाने गुंगी आणणं, त्याला हाताच्या शिरेत सुई, बहुतेक वेळा मिडाझोलॅम नावाचं गुंगीचं औषध. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, डॉक्टर "तोंड उघडा" म्हणाले की माणूस उघडतो पण नंतर बरंचसं आठवतच नाही, आणि हिरडीतलं इंजेक्शन यातही द्यावंच लागतं, फक्त त्याची धास्ती राहत नाही. बोटाला ऑक्सिजन मोजणारा क्लिप, आधी साधारण 6 तास जेवण बंद, नंतर 24 तास गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच. गुहागरकडच्या वाडीतून एसटीने एकट्या येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे जमवणं खरंच कठीण जातं.

साध्या दाढेला पहिलंच बरं. पण सुई बघूनच घाम फुटतो म्हणून दुखणं अंगावर काढत असाल तर सिडेशनचं जरूर विचारा, भूलतज्ज्ञ हजर असणार का तेही, आणि झोपेत श्वास अडकत असेल तर ते अजिबात लपवू नका.