स्पिरुलिनाचा निळा घ्यावा की हिमॅटोकोकसचा लाल?

सूक्ष्म शैवालातून रंगद्रव्य काढायच्या प्रोजेक्टसाठी एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरची पोरं दर जानेवारीत हेच विचारतात आणि हातात जेमतेम चार महिने असतात, म्हणून सरळच सांगतो, कुठला रंग महाग विकला जातो ते बघू नका, पेशी किती सहज फुटते ते बघा.

स्पिरुलिना त्यात एकदम गरीब गाय. ते वाढवायच्या द्रावणात, म्हणजे झारोक मीडियममध्ये, लिटरला 16.8 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडाच, पीएच 9 च्या वर, त्यामुळे बाकीची घाण फारशी माजत नाही. तापमान 30-35 लागतं, म्हणजे पुण्याचा मार्च त्याला मानवतो. त्याचा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन हे प्रोटीन, ते पाण्यात उतरतं, सॉल्व्हंटची कटकटच नाही, पीएच 7 च्या फॉस्फेट बफरमध्ये रात्री गोठवा, सकाळी वितळवा, असं तीन-चार वेळा करून सेंट्रिफ्यूज केलं की खाली हिरवा गाळ आणि वर निळंशार पाणी, बाजूने उजेड पडला की लालसर चमकतं. मग शुद्धता बघायला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 620 नॅनोमीटरचं रीडिंग भागिले 280 चं, 0.7 आलं तर फूड ग्रेड, 4 च्या वर गेलं तर ॲनॅलिटिकल. तिथवर जायला अमोनियम सल्फेट, डायलिसिस आणि कॉलम हे शुद्धीकरणाचं सगळं करावं लागतं.

पण उष्णता नको हं! मी एकदा एप्रिलात कर्वे रोडवरून पाषाणला सॅम्पल बर्फाशिवाय गाडीच्या डिकीत नेलं, पोचेपर्यंत निळ्याचं मळकट पाणी झालेलं. पन्नासच्या आसपास हे प्रोटीन टिकतच नाही.

हिमॅटोकोकसचा लाल रंग म्हणजे ॲस्टॅझॅन्थिन दिसायला भारी, कोरड्या वजनाच्या 4 टक्क्यांपर्यंत जातो. पण आधी हिरवी अवस्था वाढवायची, मग नायट्रोजन तोडून प्रखर उजेडात लाल करायची, आणि त्या लाल पेशीची भिंत इतकी जाड की बीड्स (बारीक मणी) घालून फोडल्याशिवाय ॲसिटोन आत शिरत नाही. शिवाय रंग बहुतेक एस्टरच्या रूपात, म्हणजे फॅटी ॲसिडला जोडलेला, त्यामुळे घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनवर पीकची नुसती गर्दी.

ड्युनॅलिएला हे खाऱ्या पाण्यातलं शैवाल मध्येच कुठेतरी, भिंतच नाही म्हणून फोडायला सोपी, पण मिठामुळे कोरडं वजन काढताना जीव जातो.

मी तरी स्पिरुलिनाच म्हणेन. लाल रंगच हवा असेल तर 20-25 डिग्री सतत लागतं, तेव्हा ग्रोथ रूमचा एसी रात्री बंद करतात का ते आधी वॉचमनकाकांना विचारून घ्या.