अंगणवाडीचे आठ महिने: आमचा अनुभव (सत्तरी, गोवा)

जूनमध्ये मुलीला आमच्या वाड्यावरच्या (म्हणजे वस्तीतल्या) अंगणवाडीत घातली तेव्हा सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. शेजारची नात टाय लावून बसने वाळपईला केजीत जाते आणि आमची चपला फटफटवत देवळामागच्या खोलीत, हे त्यांना पटलंच नाही. मलाही सुरुवातीला वाटायचं चुकलंच आपलं, ती मुलगी ए टू झेड लिहिते आणि आमची घरी येऊन मातीचे लाडू वळते.

मग जुलैत वजनाचा दिवस आला. साडेतीन वर्षांची पोर, काट्यावर 11 किलो 400 ग्रॅम. बाईंनी चार्ट काढला, बोट वर नेत नेत पिवळ्या पट्ट्यात थांबवलं आणि म्हणाल्या, "वजन उणें आसा गो, जेवता मगो ती?" मी म्हटलं जेवते की, आमच्याकडे सगळेच बारीक. हे वाक्य मी डॉक्टरांपासून पाव्हण्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय, पण चार्टला घराणं कळत नाही, तो फक्त वय आणि वजन बघतो. बाई काही सोडेनात, शेवटी आरोग्य केंद्रात नेलं. तिथे पहिला प्रश्न, दूध किती पिते? आता आमच्याकडे आजीच्या हातची बाटली दिवसातून पाच वेळा, वर बिस्किटं, मग भाताला पोटात जागा कुठली, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, उलट जास्त दुधामुळे जेवणातलं लोहसुद्धा नीट अंगी लागत नाही. दूध दोन वेळांवर आणलं, लोहाचं सिरप चालू केलं (शी काळी झाली म्हणून मी घाबरून फोन केला, ते नॉर्मल असतं म्हणे), ऑगस्टमध्ये जंताची गोळी तिथेच दिली. जानेवारीत 13 किलो 100, हिरव्या पट्ट्यात! टायवाल्या केजीत हे कोणी बघितलं असतं असं मला तरी वाटत नाही.

माझी बहीण पलीकडे दोडामार्गला असते, तिच्याकडे आशाताई घरी येऊन डोसची आठवण करतात. गोव्यात आशा हा प्रकारच नाही, त्यामुळे आमच्याकडे पाठीमागे लागायचं काम नर्सबाई आणि अंगणवाडीच्या बाईंवरच पडतं.

जेवण ठीक. नियमाने तीन ते सहा वर्षांच्या पोराला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रोटीन मिळायला हवं. उसळ-पाव असेल त्या दिवशी मिळतही असेल, घरी चवळी बघून तोंड फिरवणारी पोर तिथे ओळीत बसून वाटी चाटून पुसून खाते. पण आठवड्यातून दोनदा गोड शिरा कशाला हे मला अजून कळलेलं नाही.

डोकेदुखी म्हणजे अंगणवाडीचं ॲप. धाकटा चौदा महिन्यांचा, त्याचं घरी न्यायचं खाऊचं पाकीट आता ॲपमध्ये माझा चेहरा जुळल्याशिवाय देत नाहीत. त्याआधी आधारचा ओटीपी, आणि आधारला नंबर नवऱ्याचा, नवरा वेर्ण्याला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये. तीन खेपा झाल्या. शेवटी त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे पिंपळाच्या पारावर, कारण रेंज तिथेच, बाई माझ्या तोंडासमोर फोन धरून "हालू नाका, डोळे उघडात" आणि कडेवरचा माझी कुडी ओढतोय. बाईंचा काय दोष, पण तेवढा वेळ आत वीस पोरं मदतनीस एकटी सांभाळत होती, त्याचं काय ते ॲपवाल्यांनी सांगावं.

साडेबाराला पोर घरी येते, नोकरी करणारीला हे जमणं कठीण, माझी शिवणाची मशीन घरातच म्हणून चाललंय. अभ्यासाचं म्हणाल तर गाणी, गोष्टी, रंग, मोजणं. 2023 पासून गोव्यात नवीन शिक्षण धोरणाचा फाउंडेशनल (पायाभूत) टप्पा आला, त्यात तीन ते सहा ही वर्षं खेळातून शिकायचीच धरलीत, आणि पहिलीला सहा पूर्ण लागतातच, मग साडेतीनला ए टू झेड गिरवून कुठे पोचायचंय? पुढच्या जूनलाही तिथेच घालणार.

परवा वजनाला सासूबाई स्वतः घेऊन गेल्या. आकडा ऐकून खूश, सगळ्या वाड्याला सांगत आल्या, आणि त्या आनंदात येताना दुकानातून बिस्किटांचे दोन पुडे.