जीएलसी 220डी की एनएक्स 350एच: लीजवर घेताना बिघाडाचा हिशोब

मर्सिडीजची डिझेल जीएलसी 220डी घ्यावी की लेक्ससची हायब्रिड एनएक्स 350एच? कंपनीच्या लीजवर आलिशान एसयूव्ही घेताना ‘जर्मन गाडी खर्चिक, लेक्सस बिनघोर’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. विकत घेऊन दहा वर्षं वापरणाऱ्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं. लीजचं गणित मात्र वेगळं आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत सुट्या भागांचं बिल तुमच्याकडे येत नाही. गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये पडून राहिली तरी पगारातून रेंटल (लीजचं मासिक भाडं) कापलं जातंच, कारण लीजच्या करारात बहुधा ‘गाडी चालू असो वा नसो, रेंटल द्यावंच लागेल’ असं कलम असतं. म्हणून आधी मुदत बघा, मग गाडी.

जीएलसीला भारतात 3 वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी आहे. 36 महिन्यांच्या लीजमध्ये ती शेवटपर्यंत पुरते. 48 किंवा 60 महिने घेतले, तर चौथं-पाचवं वर्ष उघडं पडतं. त्यासाठीची वाढीव वॉरंटी सुरुवातीलाच रेंटलमध्ये धरून घ्या, कारण नंतर ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. लेक्ससने 2024 मध्ये भारतातल्या नव्या गाड्यांना 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी लागू केली. पाच वर्षांच्या लीजला ही एकच गोष्ट निर्णय फिरवायला पुरेशी आहे. नोकरी मध्येच सोडली, तर बऱ्याच करारांत गाडी फोरक्लोजर किमतीला (मुदतीआधी लीज बंद करण्याच्या रकमेला) स्वतः घ्यावी लागते किंवा दंड भरावा लागतो. गाडी घेतली, तर लीजवर असताना दुसऱ्याच्या डोक्यावर असलेला बिघाडाचा धोका त्या दिवसापासून तुमचा होतो. नोकरी बदलण्याचा विचार असेल, तर लांब वॉरंटीचं वजन आणखी वाढतं.

आता बोनेटखाली काय आहे ते बघू. 220डी मध्ये 2 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, नऊ गिअर आणि 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा (इंजिनाला हातभार लावणारी लहान मोटर) आहे. इंजिन सुरू करण्याचं कामही तीच यंत्रणा करते, त्यामुळे 48 व्होल्टच्या बाजूला दोष आला की टो ट्रक बोलवावा लागू शकतो. सर्वात जास्त त्रास मात्र डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. साठलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं. बाणेर ते हिंजवडी अशा रांगत्या रहदारीत ते टिकत नाही. जाळण्याची क्रिया दर वेळी अर्धवट राहिली, की जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि ते पातळ होतं. गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहणं आणि स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) काम न करणं ही चाललेल्या रीजनरेशनची, म्हणजे काजळी जाळण्याची चिन्हं असू शकतात. तेव्हा गाडी लगेच बंद न करता थोडी पुढे चालवा. दर पंधरवड्यात एकदा 25-30 मिनिटं हायवेवर सलग चालवणं हा साधा इलाज आहे. वापरामुळे फिल्टर तुंबला असं ठरवून वर्कशॉपने वॉरंटी नाकारली, तर तो वाद तुमच्या गळ्यात येतो. अॅडब्लूची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) सूचना आली की ते वेळेत भरा. दुर्लक्ष केलं तर उलटी मोजणी संपल्यावर इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

एनएक्स 350एच मध्ये 2.5 लिटरचं बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन आहे. नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, डीपीएफ नाही. त्यातल्या ई-सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पट्टा नसतो. तिथे प्लॅनेटरी गिअर आणि मोटरी काम करतात. बिघडायला जागाच कमी, आणि शहरातल्या रहदारीत ही यंत्रणा उलट खुलते. तरी दोन सवयी लागतात. पहिली, हायब्रिड बॅटरीला हवा घेणारी मागच्या सीटखालची जाळी पिशव्या किंवा केसांनी तुंबू देऊ नका. दुसरी, गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा ती ‘रेडी’ स्थितीत अर्धा तास चालू ठेवा. नाहीतर लहान 12 व्होल्ट बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

लेक्ससची अडचण वर्कशॉपच्या नकाशावर दिसते. महाराष्ट्रात तिची सर्व्हिस सेंटरं मोजकीच आहेत, तर मर्सिडीजचं जाळं मुंबई-पुण्यापलीकडे नाशिक, नागपूरपर्यंत आहे. जीएलसी चाकणला जुळवली जाते, एनएक्स तयार होऊन बाहेरून येते. पण ‘चाकणची गाडी म्हणजे भाग लगेच मिळतील’ असं धरून चालू नका. हेडलाइट, सेन्सर, पत्रा यांसाठी दोन्हीकडे वाट बघावी लागू शकते. महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने नागपूर गाठणाऱ्याला आम्ही डिझेल जीएलसीच सुचवू: डीपीएफला हवा तसा प्रवास आणि दोन्ही टोकांना वर्कशॉप. रोज शहरातच अडकणाऱ्याला निःसंकोच एनएक्स.

किमतीत एक फरक मात्र पुसला गेला आहे. पूर्वी मोठ्या हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून 43 टक्के, तर डिझेल एसयूव्हीवर 50 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर 40 टक्के आहे आणि लीजच्या रेंटललाही तोच दर लागतो.

वॉरंटी ज्याला हातही लावत नाही, ते म्हणजे पाणी आणि खड्डे. साचलेल्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्ट मारू नका, कारण बरंचसं नुकसान त्या दुसऱ्या प्रयत्नात होतं. विमा लीज कंपनी काढते, म्हणून पॉलिसीची प्रत मागून झीरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट, टायर कव्हर आणि रिटर्न टू इनव्हॉइस (टोटल लॉसला बिलाची किंमत देणारं कव्हर) आहेत का ते स्वतः वाचा. शेवटचं नसेल आणि गाडी टोटल लॉस झाली, तर विम्याची रक्कम व लीजची उरलेली बाकी यांतला फरक तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो. टायर निवडायला मिळाले, तर मापातला दुसरा आकडा (टायरच्या बाजूची उंची सांगणारा) 55 किंवा जास्त असलेला घ्या. 50 ची बाजू खड्ड्यात लवकर फुगते.

सही करण्याआधी लीज कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बदली गाडी किती तासांत आणि कोणत्या वर्गातली मिळेल, गाडी सलग किती दिवस अडकली तर रेंटल थांबेल, आणि परत देताना ओरखड्यांचं मोजमाप कसं होईल. दुसऱ्या मुद्द्यावर त्या सहसा नकार देतात, पण मोठ्या कंपनीच्या एचआरने मागणी लावून धरली तर काही सवलत मिळू शकते.

भारतात सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाच वापरावा लागतो. मालकाच्या संमतीने वस्तू वापरणाराही त्यात ग्राहक ठरू शकतो. कंपनीच्या नावावर घेतलेली गाडी संचालक वापरतो, एवढ्यावरून ती व्यावसायिक वापराची (म्हणजे ग्राहक कायद्याबाहेरची) ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये मान्य केलं. म्हणून लीज कंपनीचं संमतीपत्र जवळ ठेवा. दर जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख घाला. ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा असला तरी प्रत घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.