आईच्या फोनवरचं वॉलेट : 5 पैकी 3 स्टार

आईच्या फोनवर हे ॲप टाकून 8 महिने झाले. चालतं मस्त, अक्षरं मोठी, पैसे लगेच जातात. पण बनवणाऱ्यांनी डोळ्यासमोर माझ्यासारखा माणूस ठेवलाय, आईसारखा नाही, आणि फसवणारे गाठतात तिलाच.

परवा तिला मेसेज आला पैसे जमा झाले म्हणून, पाठोपाठ फोन, ताई चुकून तुमच्याकडे आले हो, परत पाठवा ना, मुलगा आजारी आहे वगैरे, आणि ही पाठवायलाच निघाली! मेसेज कुठल्यातरी साध्या नंबरवरून आलेला, खात्यात दमडीही आली नव्हती. बॅलन्स बघायला 3 स्क्रीन आत जावं लागतं, मग कोण बघतंय?

बरं, फक्त म्हातारी माणसंच फसतात असं नाही हां. ज्यांना वाचता येत नाही म्हणून पिन दुसऱ्याकडून टाकून घ्यावा लागतो, ज्यांनी नुकतंच खातं उघडलंय, ज्यांना पैशाची निकड आहे ते तर हमखास (आधी फी भरा मग लोन देतो वाले यांनाच शोधत असतात). आणि आमचे बंधुराज, मला कोण फसवणार म्हणणारे, त्यांनी बक्षीस ‘घ्यायला’ पिन टाकला! अरे बाबा, आलेले पैसे जमा व्हायला पिन लागत नाही, तो पाठवायला लागतो. हे ॲपने त्या स्क्रीनवरच ठळक लिहायला काय हरकत होती?

एक स्टार बॅलन्स लपवल्याबद्दल कापला, दुसरा तक्रारीचा नंबर शोधण्यात गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल.