विंडोज ११ टाकून देतो म्हणाला आणि ५८,२९९ रुपये घेऊन गेला

५८,२९९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण पोलिसांपासून नणंदेपर्यंत प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. दुसरा प्रश्न ठरलेला, "तुम्ही तर कॉम्प्युटरवरच काम करता ना?" हो, करते. ठाण्यात राहते, घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. पण पानं लावता येतात म्हणजे कॅबिनेटच्या आत काय असतं तेही कळतं, असं कोणी ठरवलं? शिवणकाम करणाऱ्या बाईला मशीनची मोटर दुरुस्त करता येते का, असं कोणी विचारत नाही.

घरी विंडोज ११ टाकायला आलेल्या माणसापायी पैसे गेले ते असे. 'ओरिजिनल लाइफटाइम लायसन्स' ४,४९९. 'टीपीएम चिप', म्हणजे कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, २,८००. डेटा बॅकअप १,५००. हे ८,७९९ रुपये मी स्वतः यूपीआयने दिले. त्याच रात्री खात्यातून आधी २४,९०० आणि मग २४,६०० गेले. हे ४९,५०० मी दिलेले नाहीत. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण बँकेने तो घेतला नाही आणि पोलिसांनीही नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, हे तुम्हाला माहीत असेल. माझ्या स्क्रीनवरही ती भली मोठी सूचना यायची. अपडेटच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की हा पीसी विंडोज ११ च्या किमान अटींत बसत नाही. माझं मशीन आय-फाइव्ह, सहाव्या जनरेशनचं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, लागते. म्हणजे माझ्यापुढे खरा प्रश्न होता तो असा, की आहे तेच चालवायचं की नवीन मशीन घ्यायचं? त्यात माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर श्रीलिपी, ते चालायला लागणारं यूएसबीचं लॉक, वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट. नव्या विंडोजवर ते सगळं नीट चालेल का, ही धास्ती डीटीपीवाल्यांना सांगायला नको. दिवाळी अंकांचं काम हातावेगळं झालं की बघू, असं मी ठरवलं होतं. निर्णय बरोबर होता. आजही मला तसंच वाटतं.

मग सप्टेंबरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक आलं. '१४ ऑक्टोबरनंतर तुमचा कॉम्प्युटर बंद! बँकेची माहिती चोरीला जाईल! घरपोच अपग्रेड.' निळे चार चौकोन, 'अधिकृत पार्टनर' असा शिक्का. ग्रुपवरच्याच एका ओळखीच्या बाईंनी ते पुढे पाठवलेलं. अनोळखी नंबरवरून आलं असतं तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

इथेच सांगते. १४ ऑक्टोबरला कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. विंडोज १० चालूच राहतं, फक्त नेहमीचे सुरक्षेचे अपडेट थांबतात. घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटची सोय जूनमध्येच जाहीर केली होती. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचं सिंक चालू केलं की ती फुकट. नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर तीस डॉलर. म्हणजे तो माणूस माझ्या खुर्चीवर बसून "काकू, आता पर्याय नाही" म्हणत होता, तेव्हा पर्याय होता, आणि ज्याचा धंदाच हा आहे त्याला तो माहीत नव्हता असं मी मानत नाही.

पत्रक वाचून मी बोलावलेला मुलगा पंचविशीतला. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, शुद्ध मराठी. चप्पल बाहेर काढून आत आला, पाणी मागितलं. मशीन चालू केलं आणि कसलासा प्रोग्रॅम चालवून लाल फुल्यांची यादी दाखवली. एक फुली प्रोसेसरपुढे, एक टीपीएमपुढे.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. तो म्हणाला, "टीपीएमची चिप बसवली की मशीन पास होईल." मी विचारलं, "पण प्रोसेसरपुढेही फुली आहे ना? मग चिप बसवून काय होणार?" अगदी हेच शब्द. तो न अडखळता म्हणाला, "काकू, चिप आली की प्रोसेसरचं आपोआप ॲडजस्ट होतं." आणि तेवढ्यात संपादकांचा फोन आला, कवितांच्या पानांचं काय झालं म्हणून. मी फोनवर बोलत बाजूच्या खोलीत गेले. प्रश्न अचूक होता. उत्तर धडधडीत खोटं होतं. चिपने प्रोसेसरची जनरेशन बदलत नाही. एवढंच नाही, सहाव्या जनरेशनच्या बहुतेक इंटेल मशीनमध्ये टीपीएमची सोय प्रोसेसरच्या बरोबरच येते, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त चालू करावी लागते. विकत घ्यायची गोष्टच नाही ती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. पण शंका आली होती, तोंडातून बाहेरही पडली होती, आणि त्या एका फोनने ती विझली.

मी परत आले तेव्हा तो कॅबिनेटचं झाकण लावत होता. "बसवली," म्हणाला. चिपचं रिकामं चंदेरी पाकीटही दाखवलं. दुसऱ्या दिवशी भाच्याने झाकण उघडलं. मदरबोर्डवर धुळीचा करडा थर जसाच्या तसा. पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या पट्ट्यांमध्ये, चिप जिथे लागते त्या पिनांवरसुद्धा. बोट टेकलं असतं तरी ठसा उमटला असता. कुठेच काही बसवलेलं नव्हतं. २,८०० रुपये झाकणाचे दोन स्क्रू काढून परत लावण्याचे.

पैसे देतानाची गोष्टही सांगायलाच हवी. यूपीआयवर नाव आलं ते ना त्याचं, ना पत्रकावरच्या कंपनीचं. विचारलं तर "आमच्या अकाउंटंटचं आहे." बिल मागितलं तर "बिल हवं तर वर अठरा टक्के जीएसटी." हे वाक्य ठाण्यात अर्ध्या दुकानांत ऐकायला मिळतं, म्हणून वेगळं वाटलं नाही. आता कोणी हे वाक्य उच्चारलं तर मी पाकीटच उघडत नाही. तुम्हीही उघडू नका. बिल नाही म्हणजे पुढे कुठल्याच दारात तुमचं कोणी ऐकत नाही.

लायसन्सचं म्हणाल तर, भाच्याने विंडोज आणि आर ही बटणं दाबून चौकटीत एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, स्लॅश, एक्स-पी-आर असं टाइप केलं. खऱ्या कायमच्या लायसन्सला 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' असं येतं. माझ्याकडे सहा महिन्यांनी संपण्याची तारीख आली. कंपन्यांसाठीची जी १८० दिवसांची पद्धत असते, तिची नक्कल करणारं चोरीचं हत्यार वापरलेलं. ते चालावं म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला अख्ख्या सी ड्राइव्हकडे बघायचंच नाही असं सांगून ठेवलं होतं. वर विंडोज ११ तपासणी चुकवून घातलेलं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी मी पैसे मोजले, तीच त्याने काढून टाकली. तुमचं मशीन अटींत बसत असेल तर विंडोज १० वरून ११ फुकट मिळतं, सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून. लायसन्स विकायला येणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

बॅकअपचे १,५०० म्हणजे डी ड्राइव्हवरचा एक फोल्डर डी ड्राइव्हवरच कॉपी केलेला. सी ड्राइव्ह साफ, विंडोजच्या फोल्डरमधले माझे सगळे फॉन्ट गेले. दिवाळी अंक कसा पूर्ण झाला ते मलाच माहीत.

आणि आता रात्रीचं. जाताना तो म्हणाला, "नव्या विंडोजला फोन जोडता येतो, फोटो थेट येतात." माझ्याकडे गिऱ्हाइकं पत्रिकेचे फोटो फोनवरच पाठवतात, मला उपयोगाचं वाटलं. त्याने स्क्रीनवरचा कोड माझ्या फोनने स्कॅन केला, परवानग्यांना हो-हो केलं. फोटोंबरोबर मेसेजही कॉम्प्युटरवर दिसायला लागले. दुरून कॉम्प्युटर चालवता येतो ते एनीडेस्क ॲप टाकून ठेवलं, "सपोर्टसाठी". ॲपचा दोष नाही, पण त्यावर स्वतःचा पासवर्ड ठेवून गेला, म्हणजे मी हो म्हटल्याशिवाय कधीही आत. "अपडेट उतरतायत, आज रात्री मशीन चालू राहू द्या." संध्याकाळी मी त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकून विजेचं बिल भरलं. रात्री दोननंतर पैसे गेले. बँकेचे ओटीपी माझ्या उशाशी असलेल्या फोनवर आले आणि त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतल्या स्क्रीनवरही उमटले. मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही. पुन्हा लिहिते. कोणालाही नाही.

सकाळी मेसेज बघितले आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पुढच्या खात्यात ११,३४० रुपये अडवले गेले, बाकीचे तोवर निघून गेले होते. रात्रीच जाग आली असती तर! पैसे गेल्याचं दिसलं की आधी १९३०, मग बँक, मग नातेवाईक. हाच क्रम.

बँकेत काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, म्हणजे व्यवहार तुमचाच." मॅनेजर साहेब मीटिंगमध्ये. नंतर लेखी उत्तर आलं तेही तेवढंच, दोन ओळी. ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून गेलेल्या पैशांची जबाबदारी कोणाची, याबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. त्याप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं होतं, मी काही तासांत कळवलं होतं. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी कागद उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "हे आम्हाला वरून आलेलं नाही." रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक बँकेत वरून आलेलं नाही! मी ग्राहक, मला ते घरी बसून सापडतं, आणि पगार घेऊन त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना नाही?

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. आधी म्हणाले, "माणूस तुम्हीच बोलावला, पैसे तुम्हीच दिले, ग्राहक मंचात जा, हे सिव्हिल आहे." मी म्हटलं, ४९,५०० मी दिले नाहीत. तर, "ते सायबरवाल्यांचं." सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान, तुमच्या पोलीस ठाण्यातच द्या. लहान! परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. मग एक जण ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मॅडमनी ओटीपी दिला असेल, घरी शांतपणे विचारा." मी समोर बसले होते. माझ्याबद्दलचा प्रश्न माझ्या नवऱ्याला. शेवटी तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि एफआयआर काही केला नाही. मशीन तपासायलाही कोणी मागितलं नाही. धूळ, एनीडेस्कची नोंद, कॅबिनेटवरचे त्याच्या बोटांचे ठसे, सगळं घरात होतं. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर होतं, कॅमेरा होता. चित्रीकरण मागायला कोणी आलं नाही आणि काही दिवसांनी ते पुसलं गेलं. पैसे परराज्यातल्या खात्यात गेलेत म्हणून हद्दीचं कारण. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीसाठी न्याय संहितेचं ३१८ आहे, कॉम्प्युटर वापरून केलेल्या तोतयेगिरीसाठी आयटी ॲक्टचं ६६ डी आहे. कलमं मी पाठ केली. त्यांनी ऐकली आणि "मॅडम, तुम्ही वकील का?" असं विचारलं. तुम्ही गेलात तर नुसती अर्जाची पोच घेऊन उठू नका. एफआयआर नाकारत असतील तर तीच माहिती वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती जपा. मी पाठवली आहे.

अडवलेले ११,३४० मिळवायलाही कोर्टाचा आदेश लागतो, असं मला तेव्हा सांगण्यात आलं. बँकेचं उत्तर पटलं नाही, किंवा तीस दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, ऑनलाइन. माझी तिथे दाखल आहे.

मशीनचं काय केलं ते विचारणाऱ्यांसाठी. पूर्ण फॉरमॅट मारलं, परत विंडोज १० टाकलं, वाढीव अपडेटसाठी सेटिंग्जमध्ये 'एनरोल नाऊ' येतं तिथून नाव नोंदवलं. लॉक चालतंय, श्रीलिपी चालतेय. बँकेचं काम त्यावर करत नाही. नवीन मशीन ऑक्टोबर २०२६ च्या आत, गोखले रोडवरच्या दुकानातून, बिलासकट.

त्या पत्रकावरून कोणी माणूस तुमच्या घरी येऊन गेला असेल, तर आज, आत्ता, आधी नेटची वायर काढा. मग दुसऱ्याच मशीनवरून किंवा बँकेत जाऊन पासवर्ड बदला, फोनमधल्या जोडलेल्या उपकरणांत तुमचा कॉम्प्युटर दिसत असेल तर काढून टाका, आणि सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुसलं जायच्या आत सेक्रेटरींकडून पेन ड्राइव्हवर घ्या.