टोमॅटोच्या रानात ताग आणि झेंडू: चौदा महिन्यांचा अनुभव

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठाला आमचं काळं रान आहे. त्यातल्या २० गुंठ्यांत सलग तीन वर्षं टोमॅटो घेतला. तिसऱ्या वर्षी झाडं दुपार झाली की माना टाकायला लागली. मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) समजून आम्ही बुरशीनाशकाच्या आळवण्या करत बसलो आणि त्यात बराच पैसा गेला. शेवटी एक झाड खोऱ्यानं अलगद काढून मुळं बादलीत धुतली. मुळ्या आल्याच्या कुड्यांसारख्या सुजलेल्या होत्या. सूत्रकृमी! म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे.

त्यांना आवरायला गेल्या जूनमध्ये १० गुंठे ताग पेरला (पुढे हिरवळीचं खत म्हणून रानातच गाडायला), ५ गुंठे झेंडू लावला आणि ५ गुंठे फरक बघायला मुद्दाम तसंच ठेवलं. ताग एकरी २५ किलोच्या हिशोबानं, सव्वासहा किलो. दाटच पेरावा. विरळ राहिला की मध्ये कामोणीचं तण उगवतं आणि सूत्रकृमी तिच्या मुळांवर तग धरतात. तागाच्या मुळांत त्यांची पिल्लं शिरतात, पण बहुतेकांची पुढची वाढच होत नाही. टोमॅटोवर मात्र एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी उभी राहते. झेंडूचं काम वेगळं. त्याच्या जिवंत मुळांतल्या द्रव्यानं सूत्रकृमी मरतात, म्हणून तो सगळ्या रानात दोन-तीन महिने उभा पाहिजे. बांधावर चार झाडं लावून हा फायदा मिळत नाही.

तागाच्या मुळांवरही गाठी दिसतात. शेजारचे काका बघून म्हणाले, "अरे, ह्यालापण तोच रोग लागलाय की!" मी त्यांच्यासमोर नखानं एक गाठ काढली. चटकन सुटली, फोडली तर आत गुलाबी. ती हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंची गाठ, चांगली. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळीच फुगलेली असते, ती अशी सुटत नाही. हा फरक प्रत्येकानं एकदा हातात घेऊन बघावा.

चूक झाली ती गाडायच्या वेळी. ४५-५० दिवसांत, फूल लागता लागता ताग गाडायचा असतो. पण जुलैभर पाऊस, रानाला वाफसाच येईना, म्हणजे माती अवजार घालण्याजोगी सुकेना. रोटर (ट्रॅक्टरला जोडायचं, फिरत्या पात्यांचं अवजार) आत जाईपर्यंत ६८ दिवस झाले. खोडांत वाख, म्हणजे दोराचा चिवट धागा, धरला होता. दर दोन फेऱ्यांनी रोटर थांबवून पात्यांना गुंडाळलेला वाख विळ्यानं कापत होतो. दहा गुंठ्यांना अख्खी दुपार गेली. वर घाई करून दोन सऱ्यांत आठव्याच दिवशी रोपं लावली, तर निम्मी बुडाशी कुजून कोलमडली. ताजा पाला कुजत असताना रोप लावूच नये. बाकीच्या सऱ्यांत तीन आठवडे थांबून लावली, ती छान चालली.

डिसेंबरात तिन्ही तुकड्यांतली पाच-पाच झाडं उपटली. तसंच ठेवलेल्या रानात मुळं गाठींनी भरलेली. तागाच्या रानात तुरळक गाठी, झेंडूच्या रानात त्याहून कमी. झेंडूची फुलंही गणपतीत विकली गेली, पण तिथला टोमॅटो त्यामुळे उशिरा लागला. शिवाय झेंडूवर लाल कोळी आला, त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

फेब्रुवारीत तोडा संपत आला तेव्हा तागाच्या रानातही गाठी पुन्हा वाढल्या होत्या. म्हणजे एकदा केलं आणि सुटलो, असं नाही. तरी मधले तोडे पदरात पडले, माझ्यासाठी तेच मोलाचं.

हुमणी (मातीत राहून मुळं खाणारी अळी) घालवायला कुणी ताग करणार असेल तर करू नये. गाडताना आमच्या तागाखालीही अळ्या निघाल्या. वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, ते फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. त्याचा उपाय तिथंच आहे.

"दोन महिने रान अडकवून ठेवायचं परवडतं का?" हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. आमच्याकडे मे-जूनमध्ये ते रान तसंही मोकळंच असतं, म्हणून परवडतं. ज्यांचं रान बारमाही भाजीखाली आहे, त्यांनी निदान पाळीपाळीनं एकेक तुकडा काढावा.

यंदा पावसाची वाट बघितली नाही. १० मेला पाणी देऊन पूर्ण २० गुंठे ताग पेरला आणि २४ जूनला उघडीप मिळताच गाडला. खोड बोटानं मोडत होतं, रोटर एकदाही थांबवावा लागला नाही. रोपं लावून आता तीन आठवडे झालेत. काल एक उपटून धुतलं, मुळी पांढरीशुभ्र आहे.